टर्लिप्रेसिन काकांना लागू पडेल का, हे आधी कळतं का? (सिरॉसिस आणि किडनी)

कर्लीकाठ

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, नाहीतर प्रत्येक जण आधी रिपोर्टच विचारेल.

माझे काका, वय 58, कुडाळ तालुक्यात गावी असतात. दोन वर्षांपूर्वी लिव्हर सिरॉसिसचं (लिव्हर कायमचं खराब होत जाण्याचं) निदान झालं. दारू तेव्हाच सुटली (खरंच सुटली, काकी साक्षीला आहे). पोटात पाणी व्हायचं, लघवीच्या गोळ्या चालू होत्या, तसं बरं चाललं होतं. लावणीच्या दिवसांत लघवी कमी झाली, पोट तट्ट फुगलं, डोळे जास्त पिवळे दिसायला लागले, म्हणून भरती केलं.

क्रिएटिनिन (किडनी कमी चालली की रक्तात वाढणारा आकडा) मे महिन्यात 0.9 होतं. भरती केलं तेव्हा 2.4, आज 2.8. बिलिरुबिन (काविळीचा आकडा) 6.2, आयएनआर (रक्त गोठण्याचा) 1.9, सोडियम 128. सोनोग्राफीत किडन्या नॉर्मल. लघवीत प्रोटीन नाही, रक्तपेशी नाहीत. पोटातलं पाणी तपासलं, त्यात जंतुसंसर्ग नाही. लघवीच्या गोळ्या बंद केल्या, अल्ब्युमिनच्या (रक्तातल्या प्रथिनाच्या) बाटल्या दिल्या, तरी आकडा खाली येत नाही. डॉक्टर म्हणतात हेपॅटोरीनल सिंड्रोम आहे, म्हणजे लिव्हरमुळे किडनी बंद पडतेय, आणि उद्यापासून टर्लिप्रेसिन सुरू करायचं. "लागू पडलं तर किडनी परत येईल, नाही तर पुढचं बघू," एवढंच बोलले. राउंडला घाई होती, पुढचं विचारायला मिळालं नाही.

मला एवढंच समजून घ्यायचं आहे की लागू पडणार की नाही याचा आधी काही अंदाज येतो का, आणि अंदाज वाईट असेल तर इथे थांबायचं की आत्ताच मुंबईला हलवायचं. काकी माझ्या तोंडाकडे बघते आणि मी डॉक्टरांच्या.

तेरेखोल

कर्लीकाठ, आकडे व्यवस्थित दिलेत, त्यामुळे बोलता येतं. मी सिंधुदुर्गातच फिजिशियन आहे, लिव्हरचा स्पेशालिस्ट नाही, आणि तुमच्या काकांना पाहिलेलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आणि मी लिहिलेलं यांत फरक पडला तर त्यांचं धरा.

या आजारात किडनी मुळात धड असते. 1969 साली अमेरिकेत हेपॅटोरीनलने गेलेल्या रुग्णांच्या किडन्या दुसऱ्यांना बसवल्या आणि त्या तिथे कामाला लागल्या. म्हणजे बिघाड किडनीत नव्हता, ती ज्या शरीरात होती तिथे होता. सिरॉसिसमध्ये पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावून फुगतात आणि रक्त तिथेच साचून राहतं. बागेत खालच्या कोपऱ्यात पाटाचा बांध फुटला की सगळं पाणी तिकडे जातं आणि वरच्या माडांना थेंब मिळत नाही, तशी किडनी कोरडी पडते. शरीराला वाटतं रक्तच कमी झालंय, म्हणून ते रक्तवाहिन्या आवळणारी सगळी संप्रेरकं सोडतं. त्यात किडनीच्या वाहिन्या सगळ्यात जास्त आवळल्या जातात. टर्लिप्रेसिन पोटातल्या त्या सैल वाहिन्या आवळतं, अल्ब्युमिन रक्ताचं आकारमान टिकवतं, आणि किडनीकडे पुन्हा रक्त वळतं.

हे कळलं की औषध कोणाला लागू पडणार नाही तेही बऱ्यापैकी कळतं. ज्याची किडनी बरेच दिवस कोरडी राहून आतून खरंच खराब झाली आहे त्याला कमी लागू पडेल. ज्याचं लिव्हर पार गेलंय त्यालाही कमी. आणि ज्याचा आजार मुळात हा नाहीच, त्याला अजिबात नाही.

आता आकडे. पहिला, सुरुवातीचं क्रिएटिनिन. उत्तर अमेरिकेतल्या तीन मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा टर्लिप्रेसिन मिळालेल्यांपैकी ज्यांचं क्रिएटिनिन 3 च्या आत होतं त्यांच्यात साधारण निम्म्यांची किडनी परत आली. 3 ते 5 मध्ये साधारण 28 टक्के. 5 च्या पुढे जेमतेम 9 टक्के. तुमचे काका 2.8 वर आहेत. उद्याचा दिवस नुसता गेला तर ते दुसऱ्या गटात जातील. म्हणून डॉक्टर उद्याच सुरू करतायत ते बरोबर आहे.

दुसरा, बिलिरुबिन. बार्सिलोनाच्या 2010 मधल्या एका अभ्यासात 10 च्या आत असलेल्यांत 67 टक्के आणि 10 किंवा वर असलेल्यांत 13 टक्के प्रतिसाद मिळाला. रुग्ण फक्त 39 होते, म्हणून त्या टक्क्यांना चिकटून बसू नका, पण दिशा सगळीकडे तीच दिसते. पित्त फार चढलं की ते किडनीच्या नलिकांनाही बाधतं, हेही त्यामागचं एक कारण. काका 6.2, म्हणजे इकडेही बऱ्या बाजूला.

तिसरा, किडनीखेरीज आणखी किती अवयव निकामी झालेत. नुसती किडनी असेल तर पहिली श्रेणी, दोन अवयव म्हणजे दुसरी, तीन किंवा जास्त म्हणजे तिसरी. युरोपातल्या एका अभ्यासात प्रतिसाद अनुक्रमे 60, 48 आणि 29 टक्के होता. तुमच्या रिपोर्टांवरून काका पहिल्या श्रेणीत वाटतात. शुद्धीवर आहेत ना? ऑक्सिजन किती आहे?

हे सगळं औषध सुरू करण्याआधीचं. खरा भविष्यवेत्ता औषध स्वतःच असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जे कळतं ते आधीच्या कुठल्याही तक्त्यातून कळत नाही.

दोन प्रश्न मात्र आधी विचारतो. काका लावणीला चिखलात उतरले होते का? आणि अंगदुखीच्या काही गोळ्या घेतल्या होत्या का?

बांगडाफ्राय

माझ्या मेव्हण्याक पण ह्याच झाला होता दोन वर्सां आधी. पोटात पाणी भरला, लघवी बंद. आमका कोणी सांगूकच नाय की चार दिवसात कळतला म्हणान. आमी आपले रोज इचारी, बरा वाटता काय, बरा वाटता काय. तेरेखोल डॉक्टरांनी लिवलेला वाचून आता कळला तेव्हा काय चालला होता ता.

कर्लीकाठ

डॉक्टर, खूप आभार. शुद्धीवर आहेत, पण झोपाळलेले, एकाच प्रश्नाचं उत्तर दोनदा देतात. ऑक्सिजन 96. हो, चिखलात उतरले होते, अनवाणीच. नको म्हटलेलं ऐकतील ते काका कसले. दोन दिवस कणकण होती, पोटऱ्या दुखत होत्या. गोळ्यांचं काकीला विचारलं, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणून घेतल्या होत्या, पण एप्रिलमध्ये. नंतर नाहीत.

तेरेखोल

मग आजच राउंडला डॉक्टरांना लेप्टोबद्दल (चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसबद्दल) विचारा. बहुतेक त्यांच्या डोक्यात असेलच, आपल्याकडे पावसाळ्यात तो विचार न करणारा डॉक्टर विरळा. पण पेशंटला आधीच सिरॉसिस असलं की कावीळ आणि किडनी दोन्ही लिव्हरच्या खात्यावर टाकायचा मोह होतो. लेप्टोतही तेच दोन्ही बिघडतं आणि त्यावरचा इलाज अँटिबायोटिक आहे, टर्लिप्रेसिन नव्हे. लेप्टोमध्ये बऱ्याचदा लघवी अगदी बंद होत नाही, पोटॅशियम कमी लागतं, लघवीत पेशी दिसतात. काकांचं चित्र तसं नाही. प्लेटलेट बघून इथे उपयोग नाही, सिरॉसिसवाल्याच्या त्या आधीच कमी असतात. लेप्टोची आयजीएम ही रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून संशय असेल तर रिपोर्टची वाट न बघता सेफ्ट्रिॲक्झोन हे अँटिबायोटिक देतात. अशा पेशंटना ते बऱ्याचदा आधीच चालू असतं.

एप्रिलमधल्या गोळ्या आता दोषी धरता येणार नाहीत. पण सिरॉसिसवाल्याने डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरेंना हात लावायचा नाही, हे धाग्यावर येणाऱ्या सगळ्यांनीच लक्षात ठेवा. गुडघ्याच्या एका इंजेक्शनने किडनी बसलेले पेशंट दरवर्षी येतात.

नळीतला_नमुना

लॅबमध्ये काम करतो. क्रिएटिनिनबद्दल दोन गोष्टी लिहितो, कारण इथे सगळं त्या एका आकड्यावर चाललंय.

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. सिरॉसिसच्या पेशंटचे हातपाय काड्या झालेले असतात, त्यामुळे त्याचं मूळ क्रिएटिनिन 0.5 किंवा 0.6 असतं. ते 1.2 झालं तर रिपोर्टवर नॉर्मल छापून येतं आणि घरचे खुश होतात, पण किडनी अर्ध्याहून खाली गेलेली असते. दुसरं म्हणजे बऱ्याच ठिकाणी अजून जाफे पद्धतीने क्रिएटिनिन काढतात. रक्तात बिलिरुबिन फार असेल तर त्या पद्धतीत आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येऊ शकतो. एन्झायमॅटिक पद्धतीत हा त्रास बराच कमी.

म्हणून आज एका लॅबचा, उद्या दुसऱ्या लॅबचा असं करू नका. टर्लिप्रेसिनचा निकाल आकड्याच्या उतारावर ठरतो, आणि लॅब बदलली की उतार खोटा दिसू शकतो. आणि मे महिन्याचा तो 0.9 चा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. आजार नवा आहे की जुना, हे ठरवायला डॉक्टरांना मागच्या तीन महिन्यांतला आकडा लागतो. अर्ध्या पेशंटांकडे तो नसतोच.

संकासूर

सगळं वाचलं. आता कोणीतरी वाईट बोलायला पाहिजे, ते मी बोलतो.

2021 मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये कन्फर्म नावाची चाचणी आली. 300 पेशंट. टर्लिप्रेसिनवाल्यांत 32 टक्के लोकांची किडनी परत आली, खोट्या औषधावर 17 टक्के. टाळ्या. पण 90 दिवसांत मेले किती? टर्लिप्रेसिनवाले 51 टक्के, दुसरे 45. श्वास बंद पडून मेलेले 11 टक्के विरुद्ध 2 टक्के. म्हणजे रिपोर्ट सुधारला आणि माणूस गेला. मग "लागू पडेल का" हा प्रश्नच चुकीचा नाही का? विचारायला हवं की माणूस राहील का.

तेरेखोल

संकासूर, आकडे बरोबर आहेत, आणि प्रश्नही रास्त आहे. उत्तर मात्र दोन वाक्यांत बसत नाही.

कन्फर्ममधले पेशंट खूप आजारी होते, सरासरी क्रिएटिनिन साडेतीनच्या आसपास. काहींना तर अल्ब्युमिन इतकं दिलं गेलं होतं की फुफ्फुसात पाणी साचायची वेळ आली होती. टर्लिप्रेसिन वाहिन्या आवळतं, हृदयावर भार येतो, आणि त्यात अंगात पाणी जास्त असेल तर ते फुफ्फुसात उतरतं. त्यातून काय शिकायचं ते अमेरिकेत सप्टेंबर 2022 मध्ये औषधाला मान्यता देताना लेबलवर लिहिलं गेलं: ऑक्सिजन 90 च्या खाली असेल तर सुरू करू नका, तिसऱ्या श्रेणीच्या पेशंटला धोका जास्त, आणि क्रिएटिनिन 5 च्या पुढे गेलेल्याला फायदा व्हायची शक्यता कमी. आपल्याकडे हे औषध त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुटून होणाऱ्या रक्तस्रावासाठी. त्यामुळे हात बसलेला आहे, पण सवयीने अल्ब्युमिनच्या बाटल्या मोजायचं राहून जातं.

म्हणूनच आधी अंदाज बांधायचा. ज्याला लागू पडायची शक्यता दहात एक आणि श्वास अडकायची शक्यताही दहात एक, त्याला ते का द्यायचं? ज्याला निम्मी शक्यता आहे आणि फुफ्फुसं स्वच्छ आहेत, त्याला का नाही द्यायचं? एकच औषध, दोन पेशंट, दोन उत्तरं.

आणि माणूस राहील का, याचं उत्तर किडनीत नाहीच, लिव्हरमध्ये आहे. टर्लिप्रेसिनने लिव्हर सुधारत नाही. ते वेळ मिळवून देतं. त्या वेळात पुढे काही करायचं असेल तर त्या वेळेला अर्थ.

संकासूर

मान्य. "वेळ मिळवून देतं" हे पेशंटच्या घरच्यांना पहिल्या दिवशी सांगितलं जात नाही, माझा राग त्यावर आहे.

कर्लीकाठ

आज सकाळी सुरू केलं. डॉक्टरांनी बाटलीतून चोवीस तास थेंब थेंब लावलंय. शेजारच्या पेशंटच्या मुलाने सांगितलं की त्यांच्याकडे दर सहा तासांनी इंजेक्शन देत होते. आमच्याकडे कमी देतायत का? लेप्टो निगेटिव्ह आला, सेफ्ट्रिॲक्झोन आधीपासून चालूच होतं. छातीचा एक्सरे काढला, तो ठीक आहे म्हणाले.

तेरेखोल

कमी देत नाहीत, बरं करतायत. 2016 मध्ये इटलीतल्या एका चाचणीत दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या होत्या. प्रतिसाद जवळपास सारखा आला, पण सलग देण्यात दिवसाचा डोस कमी लागला आणि दुष्परिणाम 62 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर आले. सुरुवात बहुतेक दिवसाला 2 मिलिग्रॅमने करतात, गरज पडली तर वाढवत नेतात.

आता तुम्ही बघायचं काय ते सांगतो. कागदावर लिहून ठेवा, राउंडला हातात ठेवा.

रक्तदाब. वरचा आणि खालचा लिहून घ्या आणि सरासरी दाब काढा: वरच्यातून खालचा वजा करा, तिसरा भाग काढा, तो खालच्यात मिळवा. 98/58 असेल तर साधारण 71. औषध सुरू करण्याआधीचा आकडा विचारून घ्या. तिसऱ्या दिवसापर्यंत सरासरी निदान 5 ने वाढली तर औषधाने पकड घेतली असं समजतात. त्याच बार्सिलोनाच्या अभ्यासात वाढलेल्यांत 73 टक्के प्रतिसाद, न वाढलेल्यांत 36 टक्के. दाब न वाढणं म्हणजे डोस अपुरा असू शकतो, म्हणून तिथे डॉक्टर डोस वाढवतात.

क्रिएटिनिन. चौथ्या दिवशी सुरुवातीच्या आकड्यापेक्षा 30 टक्के तरी खाली आलं का? थोडंच आलं तर डोस वाढतो. सुरुवातीइतकंच किंवा त्याहून वर असेल तर औषध थांबवायचं. या थांबवण्याला घाबरू नका. जे लागू पडत नाही ते पुढे देत राहण्यात नुसता धोका उरतो. लागू पडलं तर जास्तीत जास्त 14 दिवस देतात.

लघवी. आकडा खाली यायच्या आधी बऱ्याचदा लघवी वाढलेली दिसते. मोजायची बाटली ठेवा.

आणि धोक्याच्या खुणा: श्वास लागणं, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन 92-93 वर येणं, छातीत दुखणं, बोटं निळी-पांढरी पडणं, पोटात मुरडा येऊन जुलाब. मुरडा आणि जुलाब बऱ्याच जणांना होतात आणि डोस कमी केला की थांबतात. बाकीच्यांना सिस्टरला लगेच हाक मारायची, राउंडची वाट नाही.

पुण्यातला_चाकरमानी

वाचतोय. एक शंका, हे औषध नसलं तर नॉरअ‍ॅड्रेनलिन देतात ना? आमच्या ओळखीत कोणालातरी तेच दिलं होतं. आणि काही ठिकाणी तोंडाने गोळी देतात म्हणे.

तेरेखोल

हो, पण नॉरअ‍ॅड्रेनलिनला आयसीयू आणि मोठ्या शिरेतली लाइन लागते. टर्लिप्रेसिन लक्ष ठेवता येत असेल तर वॉर्डातही चालतं, हातातल्या सलाइनच्या सुईतून. दिल्लीच्या आयएलबीएस या लिव्हरच्या संस्थेने 2020 मध्ये एकावर एक अनेक अवयव ढासळत चाललेल्या पेशंटमध्ये दोन्हींची तुलना केली. प्रतिसाद टर्लिप्रेसिनमध्ये 40 टक्के, नॉरअ‍ॅड्रेनलिनमध्ये साधारण 17. मिडोड्रिनची गोळी आणि ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन ही जोडी सोपी आहे, पण समोरासमोरच्या चाचणीत टर्लिप्रेसिनच्या 70 टक्क्यांसमोर 29 टक्क्यांवर राहिली. दुसरं काहीच हाताशी नसेल तर ती.

अवांतर: पूर्वी या आजाराचा शिक्का बसायला क्रिएटिनिन 2.5 च्या पुढे जावं लागायचं, म्हणजे औषध मिळायचं तेव्हा निम्मी संधी गेलेली. 2015 मध्ये ती अट काढली. त्यानंतरही अल्ब्युमिन देऊन दोन दिवस वाट पाहण्याचा नियम होता, तो 2024 मध्ये चोवीस तासांवर आणला. वीस वर्षं नियम सारखे बदलत गेले आणि प्रत्येक बदल एकाच दिशेने: लवकर ओळखा, लवकर सुरू करा. त्यासाठी जनुकांची तपासणी लागत नाही, महागडी यंत्रं लागत नाहीत. लघवीतलं एनगॅल नावाचं एक प्रथिन मोजून किडनी आतून खराब आहे का ते सांगता येतं, पण आपल्या जिल्ह्यात त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

आंबोलीची_वाट

कोणाला राग येऊ दे, पण गुळवेलाचा काढा द्या. आमच्या गावात काविळीला झाडपाला देणारे आहेत, तीन पुड्यांत उतरते. इतकी इंजेक्शनं कशाला?

तेरेखोल

अजिबात नको. साधी कावीळ बहुतेक वेळा आपोआप उतरते आणि श्रेय पुडीला मिळतं. सिरॉसिसवाल्याचं लिव्हर आधीच काठावर असतं. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटांची नोंद प्रसिद्ध केली आहे. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद चालू राहो. काकांसारख्या पेशंटवर तो वाद सोडवायची ही जागा नव्हे.

बांगडाफ्राय

माका एक सांगा डाक्टरानु, जेवणाचा काय? आमच्या मेव्हण्याक मासे बंद केल्यानी होते, नुसती पेज. तो वाळान गेलो पार.

तेरेखोल

मासे बंद करायचं काही कारण नाही. प्रोटीन कमी केलं की स्नायू आणखी वाळतात, आणि डोक्यावर परिणाम होईल म्हणून प्रोटीन तोडायची पद्धत आता मागे पडली आहे. किलोमागे रोज सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं. रात्री झोपताना काहीतरी खायला द्या, सकाळपर्यंत उपाशी ठेवू नका. मीठ मात्र मोजून, दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा. सुका बांगडा, सुकी सुंगटं, खारातली कैरी, पापड, फरसाण बंद. ताजा बांगडा आमटीत चालेल. कालवं कच्ची किंवा अर्धी शिजलेली नकोत: समुद्रातल्या काही जंतूंनी सिरॉसिसवाल्याला दोन दिवसांत रक्तात संसर्ग होऊ शकतो.

कर्लीकाठ

अपडेट. तिसरा दिवस. सरासरी रक्तदाब 70 वरून 79. लघवी कालपासून वाढली. क्रिएटिनिन 2.8, 2.7, आज 2.1. मुरडा येऊन जुलाब झाले, डोस तोच ठेवलाय. ऑक्सिजन 95. काकांनी आज मला नावाने हाक मारली आणि गाडीत पेट्रोल कोणी भरलं विचारलं.

डॉक्टर आज थांबून बोलले. म्हणाले लागू पडतंय, पण पुन्हा होऊ शकतं, आणि ट्रान्सप्लांटचा विचार आत्तापासूनच करा. त्यासाठी मुंबईला नाव नोंदवायला हवं म्हणे. इथे मला काहीच कळत नाही.

सुरंगी

कर्लीकाठ, मी लिहिते. माझ्या नवऱ्याला मी लिव्हरचा भाग दिला आहे. सावंतवाडीहून मुंबईच्या वाऱ्या केल्यात, त्यामुळे औषधातलं नाही, पण कागदपत्रातलं कळतं.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली, ती तुम्ही आत्ताच समजून घ्या. मृत दात्याचं लिव्हर मिळायची यादी मेल्ड नावाच्या स्कोअरवर पुष्कळ अवलंबून असते. बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन, या तिघांचं गणित. तुमच्या आकड्यांनी मी करून बघितलं: क्रिएटिनिन 2.8 असताना साधारण 30. उद्या ते 1.3 झालं, बाकी काही बदललं नाही, तर 23. म्हणजे औषध लागू पडलं की स्कोअर घसरतो आणि यादीत मागे जायला होतं, लिव्हर मात्र तेवढंच आजारी. औषधाआधीचे सगळे रिपोर्ट ट्रान्सप्लांट सेंटरला दाखवा आणि "आधी हेपॅटोरीनल होऊन गेलं, टर्लिप्रेसिनने सुधारलं" हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घ्या. ते लिहिलेलं नसलं तर समोरच्या डॉक्टरला नुसता 1.3 दिसतो आणि तो म्हणतो सहा महिन्यांनी या.

तेरेखोल

सुरंगीताई, हे सोन्यासारखं लिहिलंत. थोडी भर: एकदा परत आलेला हा आजार औषध थांबल्यावर पाचातल्या एकाला पुन्हा होतो, आणि तेव्हा परत तेच औषध द्यावं लागतं. म्हणून घरी गेल्यावर आठवड्याला क्रिएटिनिन. आणि ट्रान्सप्लांटआधी डायलिसिस फार लांबलं तर लिव्हर बदलूनही किडनी परत येईलच असं नाही. टर्लिप्रेसिन लवकर लागू पडल्याचा आणखी एक फायदा म्हणजे किडनी वाचते आणि एकट्या लिव्हरच्या ट्रान्सप्लांटवर भागू शकतं.

हलवण्याबद्दल तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं होतं. औषध लागू पडत असताना, चालू सलाइनवर घाटातून किंवा पावसातल्या हायवेवरून नेण्यात माझ्या मते शहाणपण नाही. 14 दिवसांच्या आत आकडा खाली येऊ दे, मग ओपीडीत चालत जा. उलट चौथ्या दिवशी काहीच फरक नसता तर मी म्हटलं असतं, आजच निघा, आणि नुसत्या जवळच्या मोठ्या इस्पितळात नाही, जिथे लिव्हर ट्रान्सप्लांट होतं अशा ठिकाणी. तिथे नेल्यावर निदान पुढचा दरवाजा तरी उघडा असतो.

कर्लीकाठ

समजलं. काकांना मूलबाळ नाही. काकीला मधुमेह आहे, वजनही जास्त, डॉक्टर म्हणाले तिचं घेता येणं कठीण. मी 31 वर्षांचा, रक्तगट जुळतो, दारू-सिगारेट नाही. मी देऊ शकतो का? घरात अजून कोणाला बोललो नाही.

सुरंगी

आधी बायकोला सांगा, मग दुसऱ्या कोणाला. हे गमतीत म्हणत नाही: दाता लग्न झालेला असेल तर जोडीदाराशी समिती स्वतंत्र बोलते.

दुसरं कायद्याचं. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात "जवळचे नातेवाईक" कोण ते ठरलेलं आहे: नवरा-बायको, आईवडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा आणि नातवंडं. पुतण्या त्यात येत नाही. म्हणून तुमची केस ऑथरायझेशन कमिटीपुढे (अवयव द्यायला परवानगी देणाऱ्या समितीपुढे) जाणार. नाकारतातच असं नाही. पैशाचा व्यवहार नाही आणि नातं खरं आहे, हे त्यांना पटवावं लागतं. त्याला वेळ लागतो आणि कागद लागतात: दोघांची आधार आणि रेशनकार्डं, काका आणि तुमचे वडील सख्खे भाऊ आहेत हे दाखवणारा काहीतरी पुरावा, एकत्र असलेले जुने फोटो, दोघांच्या उत्पन्नाचे कागद. तुमचे वडील हयात असतील आणि तब्येत बरी असेल तर आधी त्यांची तपासणी करा, भाऊ म्हणून ते सरळ यादीत बसतात.

पैशांसाठी धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला पहिल्याच दिवशी भेटा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज वेगळा करावा लागतो.

कर्लीकाठ

वडील 63 वर्षांचे आहेत, तब्येत चांगली आहे, पण साठीच्या पुढचा दाता घेतात का?

तेरेखोल

प्रत्येक सेंटरचं वयाचं बंधन वेगळं असतं, आणि बरीच सेंटरं साठीच्या आत थांबतात. पण त्यांना विचारल्याशिवाय वडिलांना बाद करू नका. विचारायला जाताना त्यांच्या लिव्हरची सोनोग्राफी करून न्या, चरबी आहे का ते त्यात कळेल. ती आपल्याकडे कुडाळलाच होते.

नळीतला_नमुना

आणि वडिलांचा रक्तगट नुसता आधारकार्डाच्या पाकिटात लिहिलेला असेल तर तो धरू नका. पुन्हा काढून घ्या.